ड्राफ्ट बिअरची लाइन कशी धुवायची: बेळगाव भागातल्या बारवाल्यांसाठी

गिऱ्हाईक मग परत पाठवतं आणि म्हणतं, "काय हो, बिअर आंबलीय की!" मालक कंपनीच्या माणसाला फोन लावतो, केग (बिअरचं पिंप) बदलून येतो, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच तक्रार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ड्राफ्ट, म्हणजे केगमधून टॅपने येणारी बिअर, लावणाऱ्या बऱ्याच बारमध्ये हे असंच फिरत राहतं. कधीकधी केगच खराब असतो, नाही असं नाही. पण केग बंद येतो. बिअरला बाहेरची हवा, ओल आणि जंतू भेटतात ते केगवरच्या कपलरपासून (केगला पाइप जोडणाऱ्या तुकड्यापासून) टॅपच्या तोंडापर्यंतच्या वाटेत. ही वाट म्हणजेच लाइन, आणि ती बारच्या ताब्यात असते.

धुलाईचा विषय काढला की मालक पहिलं वाक्य बोलतो ते हे: "औषध जरा जास्त घाल की रे." सगळा घोळ इथंच आहे. लाइन स्वच्छ होते ती चार गोष्टींनी: औषधाचं, म्हणजे धुण्याच्या रसायनाचं, प्रमाण, पाण्याची ऊब, औषध पाइपात किती वेळ राहिलं, आणि ते किती जोरात वाहिलं. बहुतेक ठिकाणी पहिली गोष्ट दुप्पट करतात आणि शेवटच्या दोन गाळतात. तिप्पट कडक औषध दोन मिनिटं ओतून काढलं तर पाइप खराब होतो, हात भाजतात आणि घाण जागेवर राहते.

पाइपात साचतं काय

दुधाचं पातेलं नुसतं विसळून त्यातच पुन्हा दूध तापवलं तर ते फाटतं. लाइनमध्ये साध्या पाण्याने धुऊन थांबण्याचा परिणाम तोच. बिअरमध्ये साखर, प्रथिनं आणि थोडं यीस्ट असतं. त्यांचा पातळ बुळबुळीत थर पाइपाच्या आतल्या अंगाला धरतो, त्यात जंतू घर करतात, आणि वरून पाणी कितीही सोडलं तरी तो थर हलत नाही. हा झाला सेंद्रिय मळ. तो कॉस्टिकने, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड असलेल्या औषधाने निघतो.

दुसरा प्रकार खनिजाचा. बिअरमधल्या कॅल्शियम आणि ऑक्झलेटचा मिळून खरबरीत, पांढरट-तपकिरी थर बसतो. त्याला बिअरस्टोन म्हणतात. कॉस्टिक त्याला काही करू शकत नाही, तो ॲसिडनेच जातो. शिवाय त्या खरबरीत पृष्ठभागावर सेंद्रिय मळ आणखी घट्ट बसतो, म्हणून दोन्ही धुलाया लागतात. एकीने दुसरीची भरपाई होत नाही.

चवीवरून दोष कुठला ते बरंच कळतं. लोण्यासारखा किंवा बटरस्कॉच गोळीसारखा वास आला तर तो डायसिटिलचा, आणि लाइनमध्ये पेडिओकॉकस जातीचे जंतू झाल्याची ती खूण असू शकते. व्हिनेगरसारखा झणका आला तर टॅपचं तोंड आधी बघा, कारण ॲसिटिक जंतूंना हवा लागते आणि हवा भरपूर मिळते ती तिथंच. दह्यासारखी आंबट आणि गढूळ बिअर म्हणजे बहुधा लॅक्टोबॅसिलस. मात्र भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव आली तर लाइन धुऊन उपयोग नाही. ती बिअर जुनी झाली आहे किंवा तिला हवा लागली आहे. केगवरची तारीख बघा आणि मग खुशाल कंपनीच्या माणसाशी भांडा. एकाच प्रकारची बिअर दोन टॅपांवर असेल आणि एकाच टॅपची बिघडली असेल तर केगांची अदलाबदल करा. दोष केगबरोबर गेला तर तो कंपनीचा, टॅपवरच राहिला तर तुमचा.

सामान

लाइन धुण्यासाठी बनवलेलं कॉस्टिक औषध, तसंच फॉस्फरिक आम्लावर आधारलेलं ॲसिड औषध, फिरता प्रवाह देणारा छोटा पंप, दोन प्लास्टिकच्या बादल्या, टॅप खोलायचा पाना, नायलॉनचे बारीक-जाड ब्रश, थर्मामीटर, पीएच कागद (पाण्यात आम्ल किंवा कॉस्टिक उरलंय का ते रंगाने दाखवणारा), मोजपात्र, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा. बादली ॲल्युमिनियमची नको. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. स्वयंपाकघरातलं जुनं पातेलं उचलायची सवय असते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

साबण करायला किंवा गटार मोकळं करायला मिळतात त्या कॉस्टिक सोड्याच्या पापड्या लाइनला वापरू नका. लाइनच्या औषधात पाण्याचा जडपणा आवरणारे आणि मळ सुटा ठेवणारे घटक घातलेले असतात, पापड्यांत ते नसतात. आपल्याकडे हा फरक जास्त जाणवतो. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, पण बरेच बार बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालतात. चहाच्या किटलीच्या तळाला पांढरा थर धरत असेल तर तुमचं पाणी जड आहे असं समजा आणि औषध कालवायला हलकं पाणी घ्या.

याहून वाईट सवय म्हणजे ॲसिड धुलाईला संडास साफ करायचं ॲसिड वापरणं. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडतं, आणि एकदा खड्डे पडले की तो टॅप पुन्हा कधी नीट स्वच्छ होत नाही. तेच ॲसिड ब्लीचला भेटलं तर क्लोरिन वायू होतो. काउंटरखालच्या कोंदट जागेत तो जिवावर बेतू शकतो.

औषधांच्या बाटल्यांवर कन्नड आणि मराठी दोन्हींत मोठ्या अक्षरांत नाव लिहा, वर धोक्याची खूण काढा. आपल्या बारमधल्या पोरांतलं कोण काय वाचतं याचा भरवसा नसतो, आणि ओडिशाकडून आलेल्या मुलाला दोन्ही लिप्या येत नसतील तर ती खूणच कामाला येते. औषध पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवणं पूर्ण बंद.

रोज रात्री

रोजचं काम थोडं आहे, पण ते चुकलं तर पंधरवड्याची धुलाई अर्धी वाया जाते. शेवटचा मग भरला की टॅपचं तोंड आतून ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं करा आणि त्यावर टोपी किंवा बूच लावा. चिलटं गोडसर ओलीवर येतात आणि एका टॅपचे जंतू दुसऱ्याला नेऊन लावतात. ड्रिप ट्रे उचलून तिची जाळी आणि खालची नळी गरम पाण्याने धुवा. नळी तुंबली की तिथंच बुरशी धरते.

भरताना टॅपचं तोंड बिअरमध्ये किंवा फेसात बुडवायचं नाही. मग ४५ अंशांत तिरपा धरा, टॅप एका झटक्यात पूर्ण उघडा, आणि मग निम्मा भरला की तो सरळ करा. टॅप अर्धवट उघडला तर फेसच येणार. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात, पण प्रत्येक नव्या पोराला शिकवावं लागतं.

दर चौदा दिवसांनी: कॉस्टिक धुलाई

मुख्य काम हे. चौदा दिवस ही वरची मर्यादा समजा. केग संपायच्या दिवसाशी मेळ घातला तर लाइनमधली बिअर कमी वाया जाते. ही वाया जाणारी बिअर म्हणजे धुलाई टाळायचं सगळ्यात मोठं कारण, म्हणून एकदा हिशोब करून बघा. आतून ९.५ मिलिमीटर, म्हणजे ३/८ इंच पाइपात दर मीटरला साधारण ७१ मिलिलिटर बिअर मावते. १२ मीटर लाइन असली तर ८५० मिलिलिटर, म्हणजे दीड लिटरच्या पिचरच्या अर्ध्याहून थोडी जास्त. पाव इंची पाइप असेल तर मीटरला ३२ मिलिलिटरच. एवढ्यासाठी महिनाभर गिऱ्हाइकाला आंबट बिअर पाजणं परवडत नाही.

वेळ सकाळची ठेवा. रात्री बार बंद करताना सगळे दमलेले असतात, आणि वीस मिनिटांचं काम पाच मिनिटांत उरकण्याचा मोह तेव्हाच होतो.

आधी चिलर बघा. थंडाव्यासाठी ग्लायकॉल (शून्याखालीही न गोठणारा द्रव) फिरत असेल तर तो बंद करा, नाहीतर लाइनमधलं पाणी गोठून पाइप बंद पडू शकतो. बिअरमध्ये थोडा अल्कोहोल असल्याने ती त्या थंडीत टिकते, पाणी टिकत नाही. पाण्याच्या टाकीत गुंडाळी बुडवलेला आइस बँक कूलर असेल तर गोठायची भीती कमी, पण औषध आत शिरताच गार पडतं. तिथंही कूलर थोडा आधी बंद केलेला बरा.

गॅसचा वाल्व्ह बंद करा आणि मगच कपलर केगवरून काढा. उलट क्रमाने केलं तर अंगावर फवारा येतो. काढलेल्या कपलरचं तळ बघा: रबरी सीलच्या कडेला तपकिरी चिकटा दिसला तर इथपासूनच सुरुवात आहे. ते ब्रशने घासून धुवा.

आता लाइनमधून साधं पाणी सोडा, टॅपमधून बिअरचा रंग-वास येणं थांबेपर्यंत. ही पायरी गाळू नका. बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिकचा जोर मारतो, म्हणजे औषध घाणीशी भिडण्याआधीच बिअरशी खर्च होतं. याच कारणाने कॉस्टिकचा डबा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅसच्या दाबाने ढकलण्यापेक्षा पंप वापरलेला चांगला. आणि बंद केगमध्ये कॉस्टिक भरून ठेवायचा उद्योग तर अजिबात नको. गॅस शोषला जाऊन आत पोकळी होते आणि भांडं चेपू शकतं.

मग टॅप खोला. काही टॅपच्या नटाचे आटे आपल्या अंदाजाच्या उलट फिरतात, म्हणून पान्यावर जोर देण्याआधी दिशा ओळखा. टॅप पूर्ण सुटा करून तोंड, दांडा, वॉशर, ओ-रिंग सगळं छोट्या बादलीत औषधाच्या पाण्यात टाका. टॅप जागेवर ठेवून त्यातूनच औषध फिरवणारे पुष्कळ आहेत. तसं केलं तर टॅपच्या आतल्या खाचा तशाच राहतात, आणि सगळ्यात जास्त घाण तिथंच असते.

औषध कालवताना एक चूक फार होते. हवं असतं २ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, पण लोक २ टक्के औषध घालतात. औषध स्वतःच पाण्यात पातळ केलेलं असतं. समजा डब्यावर २० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलं आहे. १० किलो मिश्रणाला २०० ग्रॅम शुद्ध कॉस्टिक लागतं, म्हणजे त्या डब्यातलं १ किलो औषध आणि ९ लिटर पाणी. नव्या, नियमित धुतलेल्या लाइनला २ टक्के पुरे. जुन्या किंवा तक्रारीच्या लाइनला ३ टक्क्यांपर्यंत जा, त्यापुढे नाही. डब्यावर कंपनीने मात्रा दिली असेल तर तीच पाळा. पाणी आधी बादलीत घ्या, औषध त्यात हळूहळू घाला; औषधावर पाणी ओतलं तर ते तापून उसळतं. पाण्याची ऊब २७ ते ४३ अंश सेल्सिअसच्या मध्ये हवी. उकळतं पाणी नको, त्याने पाइप मऊ पडतात.

जोडणी अशी करायची. दोन लाइनी असतील तर केगच्या बाजूला दोन्ही कपलर जोडतुकड्याने एकमेकांना जोडा. पंपाची नळी पहिल्या टॅपच्या जागी लावा आणि दुसऱ्या टॅपच्या जागेवरून निघालेली नळी बादलीत सोडा. म्हणजे औषध एका लाइनने जाऊन दुसरीने परत येतं. एकच लाइन असेल तर पंप कपलरच्या बाजूला जोडा आणि टॅपकडून नळी परत बादलीत आणा. लाइनमध्ये फॉब असेल, म्हणजे केग संपला की तरंगता गोळा खाली बसून लाइन बंद करणारी ती काचेसारखी डबी, तर तिचा गोळा उघड्या स्थितीत अडकवून ठेवा आणि वरची हवा काढा. नाहीतर डबीचा वरचा भाग औषधाला भेटतच नाही.

पंप सुरू केल्यावर परतीच्या नळीतून हवेचे बुडबुडे थांबले की घड्याळ लावा: १५ मिनिटं. प्रवाह मोजायला परतीची नळी मोजपात्रात धरा. मिनिटाला साडेसात लिटरच्या आसपास मिळालं तर उत्तम, म्हणजे ५ लिटरला ४० सेकंद. फारच कमी येत असेल तर कुठंतरी अडथळा आहे, किंवा लाइन लांब आणि पंप लहान आहे. मधे एकदा परत येणाऱ्या पाण्याचं तापमान बघा. जानेवारीत बेळगावच्या सकाळी बादली पाहता पाहता गार होते.

पंप नसेल तर दाबाच्या डब्यातून औषध लाइनमध्ये भरून किमान २० मिनिटं ठेवायचं आणि मधून मधून टॅपकडून थोडं काढून ताजं औषध पुढं ओढायचं. चालतं, पण फिरत्या प्रवाहाइतकं नाही. आणि त्यात टॅप शेवटी सुटा करून धुवायचाच आहे. दोन टॅपपेक्षा जास्त असतील तर पंप विकत घ्या, यावर माझं काही दुमत नाही.

औषध काढून टाकल्यावर गार, स्वच्छ पाणी सोडा. किती? डोळ्यांनी ठरवू नका, बोटांना बुळबुळीत लागतं का तेही नको. नळाच्या पाण्यात पीएच कागद बुडवा, मग टॅपकडून येणाऱ्या पाण्यात. दोन्हींचा रंग जुळेपर्यंत पाणी चालू ठेवा. चव घेऊन बघणारे वीर आहेत. कॉस्टिकने तोंड भाजतं, एवढं त्यांना सांगा. वापरलेलं औषध भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा, झाडांच्या बुंध्याला नको.

तोवर भिजलेले टॅपचे भाग नायलॉन ब्रशने घासा. तारेची घासणी लावली तर ओरखडे पडतात. ओ-रिंग चिरलेली, चपटी झालेली दिसली की बदला. इथं आपल्या भागाची एक सोय आहे आणि तोच एक सापळाही आहे. उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, कुठल्याही मापाची ओ-रिंग मिळते, पण ती हायड्रॉलिक तेलासाठी केलेली असू शकते. माप जुळलं म्हणून लावू नका, खाद्यपदार्थाला चालणारीच मागा. वंगणही खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस, तेही नखभर. मशीनचं ग्रीस विषारी, आणि खोबरेल तेल लावलं तर फेस टिकत नाही.

सगळं जोडून कपलर केगवर बसवा, गॅस उघडा, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा आणि पुसून घ्या. लाइनमधलं पाणी बाहेर जाऊन पूर्ण बिअर येईपर्यंतचा पहिला मग फेकून द्या. तारीख, औषधाचं प्रमाण, किती मिनिटं, शेवटचा पीएच आणि करणाऱ्याची सही वहीत घाला. वही काउंटरमागे दोरीला टांगा, ड्रॉवरमध्ये गेली की संपली.

डोळ्यात किंवा अंगावर औषध उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान १५-२० मिनिटं धरा, आणि डोळ्याचं असेल तर तिथूनच दवाखाना गाठा. लिंबू-व्हिनेगर चोळून तोड करायला जाऊ नका.

दर तीन महिन्यांनी: ॲसिड

पद्धत तीच, पंधरा मिनिटांचा फिरता प्रवाह, औषध डब्यावरच्या मात्रेत. क्रम मात्र असा: आधी कॉस्टिक, मग पीएच जुळेपर्यंत पाणी, मग ॲसिड, मग पुन्हा पाणी. मधे पाणी न देता दोन्ही औषधं भेटली तर उष्णता तयार होते आणि दोन्ही वाया जातात. बोअरच्या पाण्यावर असाल तर तीन महिन्यांची वाट न बघता दोन महिन्यांनीच करा. पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेले टॅप असतील तर ॲसिडनंतर तोंडाच्या आत बघा. पिवळं पितळ दिसायला लागलं की तो टॅप निवृत्त करा आणि स्टेनलेस घ्या.

कपलर आणि फॉब सहा महिन्यांतून एकदा पूर्ण खोलून धुवायचे. कपलरमधला उलटा प्रवाह रोखणारा छोटा रबरी वाल्व्ह विसरू नका. तो गेला की बिअर गॅसच्या नळीत चढते. गॅसच्या नळीत पिवळा ओघळ दिसला तर ती नळी धुऊ नका, बदला.

फेस येतो म्हणजे लाइन घाण, असं नाही

फेसाची तक्रार आली की आधी थर्मामीटर काढा. मगातली बिअर ३ ते ४ अंशांच्या आसपास हवी. सकाळचा पहिला मग फेसाळला आणि नंतरचे ठीक गेले तर टॅपजवळचा पाइप गरम होतोय. दिवसभर फेस असेल तर केग, दाब, ग्लास या क्रमाने बघा. ट्रकमधून उतरवलेला केग लगेच जोडू नका. ५० लिटरचा केग नीट गार व्हायला जवळपास दिवस लागतो.

दाबाच्या बाबतीत बेळगावची एक खास गोष्ट आहे. केगला किती दाब ठेवायचा ते सांगणारे कंपन्यांचे तक्ते समुद्रसपाटीचे असतात. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, इथं हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सव्वा पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास कमी. गेज दाखवतं ते बाहेरच्या हवेच्या तुलनेत. म्हणून ३ अंशांच्या केगला तक्त्यात १२ पीएसआय असेल तर इथं १३ ठेवा. गोव्यात काम केलेला बारमन तिथला आकडा इथं लावतो, आणि केग संपत आला की बिअर मेलेली लागते, त्याचं कारण बहुतेक वेळा हे. केग बाहेर गरम ठेवून बिअर गुंडाळीत गार करणारी यंत्रणा असेल तर सगळंच वेगळं: २५ अंशांच्या केगला बिअरमधला गॅस धरून ठेवायला ३० पीएसआयच्या घरात दाब लागतो. एप्रिलमध्ये तोच केग ३५ अंशांच्या खोलीत असेल तर तोही पुरत नाही. जमेल तिथं केगला थंड खोली करा, हे माझं ठाम मत.

सिलिंडर खाद्य दर्जाच्या सीओटूचाच हवा. वेल्डिंगचा गॅस स्वस्त आणि शेजारच्या वर्कशॉपमधून लगेच मिळतो, तो लावू नका. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला. आत किती गॅस उरला ते गेजवरून कळत नाही: आत द्रव असेपर्यंत दाब जवळपास तोच राहतो आणि मग एकदम पडतो. म्हणून सिलिंडर वजनाने मोजा. रिकाम्याचं वजन त्यावर कोरलेलं असतं. खोलीच्या तापमानाला आत ६० बारच्या (बार हेही दाबाचं माप, साधारण साडेचौदा पीएसआय) आसपास दाब असतो, तर थंड केगला एक बारही लागत नाही. रेग्युलेटरशिवाय थेट जोडणी म्हणजे फुटणारा केग. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून जिन्याखालच्या बंद खोलीत तळाशी साठतो. आत गेल्यावर डोकं जड झालं, धाप लागली तर बाहेर या, दार उघडं टाका. आत कुणी पडलेला दिसला तर तसंच धावत आत शिरू नका.

ग्लास

लाइन चकाचक आणि ग्लास तेलकट असेल तर सगळी मेहनत पाण्यात. आपल्याकडे मगाशेजारी चिकन सिक्स्टी फाइव्ह आणि मसाला शेंगदाणे असतात, तेलाचे हात मगाला लागतात. बिअरचे मग ताक-लस्सीच्या ग्लासांबरोबर एका सिंकमध्ये धुऊ नका. स्निग्धाचा पापुद्रा राहतो आणि फेस टिकत नाही. धुतल्यावर ओला मग उपडा करून बघा: पाणी सलग सरकलं तर स्वच्छ, थेंब तुटून चिकटले तर तेल आहे. कापडाने पुसू नका, जाळीवर उपडे वाळवा.

पावसाळा आणि ड्राय डे

जूनपासून खानापूर बाजूला पाऊस लागला की ड्राफ्टचा खप घटतो, आणि नेमकी तेव्हाच धुलाई मागं पडते. खरं तर उलट हवं. खप जास्त असतो तेव्हा लाइनमधली बिअर सतत बदलते. कमी असतो तेव्हा तीच बिअर लाइनमध्ये पडून राहते. पावसाळ्यात दोन टॅप असतील तर एक बंद करा, त्याची लाइन धुऊन कोरडी ठेवा, पाणी भरून ठेवू नका. केगही लहान मागवा, ५० ऐवजी ३० किंवा २० लिटरचा. वीज तीन-चार तास गेली तर परत आल्यावर टॅपजवळची बिअर टाकून द्या आणि तापमान मोजूनच विका.

२ ऑक्टोबर, निवडणुकीचे दिवस, गणेश विसर्जनाला किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीला प्रशासनाने दुकानं बंद ठेवायला लावली तर तो दिवस, हे सगळे मोठ्या कामाचे दिवस. गिऱ्हाईक नसतं, पोरं मोकळी असतात. ॲसिड धुलाई, कपलर-फॉब खोलणं, चिलरच्या मागची जाळी झटकणं त्या दिवशी लावा. पण आदल्या संध्याकाळी लाइन पाण्याने धुऊन ठेवा, बिअर भरलेली दोन दिवस सोडू नका.

केग ते भिंतीपर्यंतचा मऊ पारदर्शक पाइप वर्षाला, फार तर दोन वर्षांनी बदलायचा. तो धुतल्यावरही पिवळसर दिसत असेल, किंवा कापून बघितल्यावर आत बोट घासलं तर खरबरीत लागत असेल, तर तारीख न बघता त्याच दिवशी बदला. नव्या पाइपालाही पहिली बिअर सोडण्याआधी एक कॉस्टिक धुलाई द्यायची, आणि बदलल्याची तारीख टेपने पाइपावरच चिकटवायची.